काल काय जेवलात?

“काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तुम्ही काय काय खाल्लं-प्यायलं, ते आठवून सांगाल का?”

हा प्रश्न मी साडेतीन वर्षं लोकांच्या दारात बसून विचारला. ऐकायला अगदी साधा प्रश्न. पण त्याचं खरं उत्तर देणं किती अवघड असतं आणि ते खरं उत्तर मिळवणं त्याहून किती अवघड असतं, हे मला माझ्या अडाणी आईनं शिकवलं. त्याचीच हकीकत आज आपल्या कुटुंबाच्या पानावर सांगते आहे.

२००४ सालची गोष्ट. आमच्या मिस्टरांची कंपनी बंद पडली होती. दोन मुलं शाळेत. मी बारावी पास. विहारातल्या एका ताईंनी सांगितलं की, एका संस्थेला वस्त्यांमधून, चाळींमधून घरोघर जाऊन माहिती भरणाऱ्या बायका हव्या आहेत. पगार बेताचा, पण वेळेवर. मी गेले. काम असं होतं : रक्तदाबाच्या पेशंटना मीठ कमी करायला सांगितलेलं होतं. सांगितलेलं पथ्य ते प्रत्यक्षात किती पाळतात, ते मोजायचं. मला मनातून हसूच आलं. यात मोजायचं काय? पाळता का म्हणून विचारायचं. हो म्हणाले तर हो, नाही म्हणाले तर नाही!

प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘पथ्य पाळता का?’ आणि त्यावर फुली मारली. म्हणाल्या, “हा प्रश्न तोंडातून कधीही काढायचा नाही. याला एकच उत्तर असतं.” त्याऐवजी विचारायचं ते फक्त कालच्या दिवसाचं. आधी माणसाला त्याच्या पद्धतीनं सांगू द्यायचं, मध्ये तोडायचं नाही. मग पुन्हा पहिल्यापासून, वेळेनुसार जायचं. मग विसरलेल्या गोष्टी आठवून द्यायच्या : मधला चहा, मुलाच्या ताटातला उरलेला घास, शेजारणीनं दिलेली वाटी, कामावर खाल्लेला वडापाव. मग आमच्याकडच्या ठराविक मापाच्या वाट्या आणि चमचे पुढे ठेवून ‘किती?’ ते विचारायचं. शेवटी सगळं वाचून दाखवायचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेखाली १९७२ पासून अनेक राज्यांत आहाराच्या ज्या पाहण्या झाल्या, त्यांतही हीच चोवीस तासांच्या आठवणीची पद्धत वापरली गेली, असंही त्यांनी सांगितलं.

आणि एक कडक ताकीद दिली. ऐकताना चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. “अरे बापरे” म्हणायचं नाही. “छान” सुद्धा म्हणायचं नाही! कारण आज तुम्ही छान म्हणालात की पुढच्या वेळी माणूस ते ‘छान’ मिळवण्यासाठी बोलतो.

घरी येऊन मी आईवर सराव केला. आई तेव्हा आमच्याकडेच राहायची. मूळची कोकणातली. पाय दुमडून बसली आणि एकेक सांगू लागली. मी वहीत लिहीत होते. मध्येच थांबून म्हणाली, “आमी काय खातो ते लिवून ठेवायला कोण आला नव्हता गो बाय आजपर्यंत.” तिला त्याचं मोठं अप्रूप वाटलं. पुढं कित्येक दिवस मी कामावरून आले की ती विचारायची, “आज कोणाकोणाचं जेवण लिवलंस?”

मिठाच्या बाबतीत मात्र नुसती आठवण पुरत नाही. भात किती वाट्या ते सांगता येतं. मीठ किती? तर ‘चवीपुरतं’. हे चवीपुरतं कुठल्याच वाटीत मावत नाही. म्हणून आम्ही पेशंटना एक झाकणाचा कॅन द्यायचो आणि चोवीस तासांची सगळी लघवी त्यात साठवायला सांगायचो. खाल्लेल्या मिठातलं सुमारे ९० टक्के सोडियम लघवीवाटे बाहेर पडतं. ते मोजलं की माणसानं किती मीठ खाल्लं, ते बरंचसं कळतं. १९८८ साली जगातल्या ३२ देशांमधल्या ५२ ठिकाणी, १०,०७९ माणसांची लघवी याच पद्धतीनं तपासली गेली होती. त्यात आपली दिल्ली आणि लडाखही होतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यात आमटी, भाजी, पाव, लोणचं, पापड सगळं आलं.

आता माझ्या घरांपैकी एका घराची गोष्ट. एक आजी होत्या, पासष्टीच्या. त्यांचं कालचं जेवण लिहून घेताना मला वाटायचं, आजी दवाखान्यातला पथ्याचा कागदच पाठ म्हणून दाखवतायत. “सकाळी बिनमिठाची भाकरी, दुपारी अळणी वरण, लोणचं नाही, पापड नाही.” तिन्ही वेळा तेच. शाळेतल्या हुशार मुलीसारखं. आणि कॅनचा अहवाल आला तो सांगितल्याच्या दुपटीहून जास्त मिठाचा! आमचे सुपरवायझर फॉर्म बाजूला टाकत म्हणाले, “ही माणसं खोटंच बोलतात.”

‘ही माणसं’ हे दोन शब्द मला लागले. आजी आपल्यातल्या होत्या. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि भगवान बुद्धांचा फोटो होता. मी काही बोलले नाही, पण तिथल्या एका डॉक्टरीणबाईंच्या ते लक्षात आलं असावं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला एका अमेरिकन अभ्यासाची गोष्ट सांगितली. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये काही लठ्ठ माणसांची तपासणी झाली. त्यांचं म्हणणं होतं, आम्ही दिवसाला १२०० कॅलरीसुद्धा खात नाही, तरी आमचं वजन हलत नाही. तेव्हा त्यांना खास प्रकारचं पाणी प्यायला दिलं. त्या पाण्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन नेहमीपेक्षा जड असतो. त्यानं अपाय काही होत नाही. ते दोन्ही शरीरातून किती वेगानं बाहेर पडतात, ते पुढचे दिवस लघवी तपासून मोजलं की शरीरानं किती शक्ती खर्च केली, ते समजतं. शरीर खर्च करतं, तेवढं अन्न कुठून तरी आलेलंच असणार. हिशेब लागला तेव्हा दिसलं, त्या माणसांनी आपलं खाणं सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं होतं, आणि आपली हालचाल ५१ टक्के जास्त!

मी मनात म्हटलं, बरं झालं. म्हणजे खोटं बोलणारी ‘ही माणसं’ फक्त आमच्या चाळीत राहत नाहीत. ज्याला कोणी तरी ‘असं खा, असं खाऊ नको’ असं बजावलेलं असतं, तो माणूस विचारणाऱ्याच्या मनातलं उत्तर देतो. मग तो न्यूयॉर्कचा असो नाही तर घाटकोपरचा.

तुम्ही म्हणाल, सांगितलं थोडं कमी-जास्त, तर बिघडलं काय? बिघडतं. अमेरिकेतच ४८,८३५ बायकांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यातल्या काही बायकांना जेवणातली चरबी खूप कमी करायला सांगितली होती. एकूण शक्तीच्या २० टक्केच शक्ती चरबीतून यावी, असं ठरलं होतं. पण पहिल्या वर्षी त्यांनी स्वतः सांगितलेलं प्रमाणच २४ टक्के होतं, सहाव्या वर्षी २९ टक्के. २००६ साली निकाल आला की, स्तनाचा कर्करोग म्हणावा तेवढा कमी झाला नाही. आता यातून काय समजायचं? पथ्य निरुपयोगी, की पथ्य पाळलंच गेलं नाही? पाळणं नीट मोजलं नाही, तर चांगलं पथ्य वाया गेलेलं ठरतं आणि निकामी पथ्य माणसाच्या माथी मारलं जातं. दोन्हीकडे मरण गरिबाचंच.

हळूहळू मला आणखी एक गोष्ट दिसू लागली. कोण विचारतं, त्यावर उत्तर बदलतं. एका घरी माझ्या आधी माझी एक सहकारी दोनदा जाऊन आली होती. ती स्वभावानं चांगली, पण घरात शिरताना ओढणी नाकाशी जायची. तिच्या फॉर्मवर त्या घरचं जेवण होतं, डाळ, भात, मेथीची भाजी. खाली लिहिलेलं, ‘शाकाहारी’. तिसऱ्या वेळी मी गेले. दारातच फोटो दिसला, मी सहज “जयभीम” म्हटलं. घरातल्या वहिनींनी पाणी दिलं, जवळ बसल्या आणि कालच्या जेवणात सुकट आली, बोंबलाची चटणी आली, रविवारचं ‘मोठ्याचं’ही आलं. मी विचारलं, “आधी सांगितलं नव्हतं?” त्या म्हणाल्या, “ताई, ते कुठं लिहायचं असतं का? लिहिणाऱ्या बाईला काय वाटलं असतं!”

बहिणींनो, हे मी विसरू शकत नाही. आपल्या ताटावरून आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या हिणवलं गेलं. त्यामुळे आपण ताट झाकायला शिकलो. शहरात जागा भाड्यानं घ्यायची असली तरी पहिला प्रश्न तोच, ‘नॉनव्हेज खाता का?’ पुढं २०१५ साली महाराष्ट्रात बैलांच्या आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीचं कायद्यात बसतं, तरी दारात वही घेऊन आलेल्या अनोळखी माणसाला आता ‘मोठ्याचं’ असं कोण खुल्या मनानं सांगेल? फॉर्म भरणाऱ्याला वाटतं आपण अन्न मोजतो आहोत. तो आधी माणसाची भीती आणि लाज मोजत असतो.

मग लघवी तरी खरं बोलते ना? लघवी खोटं बोलत नाही, पण ती पूर्ण मिळायला हवी! आमच्या यादीत एका बाईंचं मीठ सगळ्यांत कमी निघालं. ‘उत्तम पथ्य’ असा शेरा पडला. मी कॅन परत आणायला गेले तेव्हा त्या घरी नव्हत्या. सकाळी सहाला निघून चार घरची धुणीभांडी करणारी बाई ती. कॅन घेऊन ती कुठं कुठं जाणार? कोणत्या मालकिणीच्या संडासात ठेवणार? घरी आल्यावरही चाळीच्या सार्वजनिक संडासाची रांग, हातात कॅन, पोरं बघून हसतात. तिनं फक्त रात्रीची आणि पहाटेची लघवी भरली होती. अर्ध्या दिवसाची लघवी, म्हणून अर्धं मीठ! जी बाई पथ्य पाळण्यात पहिली आली, तिची खरी अडचण आमच्या कागदावर आलीच नव्हती. परदेशात यावर उपाय म्हणून पाबा नावाच्या गोळ्या दिवसातून तीनदा देतात. ती गोळी जवळजवळ सगळीच लघवीतून बाहेर पडते. ती कमी सापडली तर समजायचं, कॅन पूर्ण भरलेला नाही. म्हणजे माणसाची परीक्षा घेणाऱ्या परीक्षेचीच परीक्षा! आमच्याकडे त्या गोळ्या नव्हत्या. मी फक्त शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘कामावर जातात, कॅन अपुरा.’

आता घरची गोष्ट. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

२००६ साली आईला रक्तदाब निघाला. मुन्सिपालिटीच्या दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या, पथ्याचा कागद मिळाला. मला तर वाटलं, यातलं माझ्याइतकं कोणाला कळतं! रोज संध्याकाळी दारातून आत येता येता मी विचारायचे, “आई, खारं खाल्लं नाहीस ना?” आई म्हणायची, “नाय गो.” झालं. माझा फॉर्म भरला. दवाखान्यात डॉक्टरांनी आईला विचारलं, “आजी, पथ्य पाळता ना?” तर आईच्या आधी मीच अभिमानानं बोलले, “एकदम कडक, डॉक्टर.” पथ्य कडक, तरी रक्तदाब चढाच. मग डॉक्टरांनी काय करायचं? त्यांनी गोळी वाढवली.

२००७ च्या पावसाळ्यात आईला दोन दिवस जुलाब झाले. पोटात नुसती पेज. गोळ्या मात्र चालूच. तिसऱ्या दिवशी पहाटे ती मोरीपाशी चक्कर येऊन पडली. मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब फारच खाली गेला होता.

हात प्लॅस्टरमध्ये, म्हणून तिचं सामान मी आवरायला घेतलं. पोटमाळ्यावर, जुन्या लुगड्यांच्या गाठोड्यामागे एक डालड्याचा डबा. उघडला तर आत कागदात गुंडाळलेला खारा बांगडा. माझं डोकं फिरलं. मी आजारी आईवर ओरडले, “लोकांच्या घरचं खरं-खोटं तपासत मी उन्हातान्हात फिरते, आणि माझ्याच घरात खोटं?”

आई बराच वेळ गप्प बसली. मग हळूच म्हणाली, “तू लोकांना इचारतेस तसं मला कवा इचारलंस गो? माझ्यावर शिकलीस तवा इचारत व्हतीस. आता तू येतेस तीच ‘खाल्लं नाहीस ना?’ म्हणत येतेस. मग मी ‘नाय’ नको म्हणू, तर काय म्हणू?”

मला फळ्यावरची ती फुली आठवली.

त्या रात्री मुलं झोपल्यावर मी तिच्याजवळ बसले आणि पहिल्या दिवशी विचारलं होतं तसं विचारलं, “आई, काल नको, पडायच्या आधीचा एखादा नेहमीचा दिवस सांग. उठल्यापासून.” तिनं सगळं सांगितलं. सकाळी चहाबरोबर दोन पाव. दहा वाजता खारी. दुपारी भात, अळणी आमटी आणि भाजलेल्या खाऱ्या बांगड्याचा तुकडा, ‘एवढासा’, असं म्हणून तिनं अर्धं बोट दाखवलं. संध्याकाळी महिला मंडळात फरसाण. रात्री भाकरी आणि बोंबलाची चटणी. आणि मग माझ्याकडे बघून जरा ताठ होत म्हणाली, “पन आमटीत मीठ नाय घातलं हां मी. दागदरानं सांगितलं त्या दिवसापासून एक दिस नाय.”

मी अवाक्‌ झाले. तिच्या मनानं तिनं पथ्य पाळलं होतं! कागदावर लिहिलेलं ‘मीठ कमी करा’. तिच्या लेखी मीठ म्हणजे बरणीतलं पांढरं मीठ. ते तिनं सोडलं. पावात मीठ असतं, खारीत असतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि अळणी आमटीवर भात घशाखाली उतरेना, म्हणून तर पोटमाळ्यावर डबा आला होता. म्हणजे दिलेल्या पथ्यानंच तिला त्या डब्याकडे ढकललं होतं. लघवी तपासली असती तर आकडा मिळाला असता. ही गोष्ट मिळाली नसती.

मग ती लहानपणाचं बोलत बसली. पावसाचे चार महिने, कामधंदा नाही, भाजी नाही. सुकटीच्या चार काड्या, खाऱ्याचा एक तुकडा, त्यावर सगळ्या घरानं भात ओढायचा. गरिबाच्या घरात खारं ही चैन नसते. कोरडं अन्न पोटात ढकलायची ती युक्ती असते. डाळ, भाजी, फळ, दही घ्यायला पैसे असतील, त्याला मीठ कमी करणं सोपं. आमच्या ताटातून मीठ काढलं तर मागे उरतं काय?

स्पेनमध्ये २००३ पासून ७,४४७ माणसांवर आहाराचा एक अभ्यास झाला. त्यात पथ्य पाळलं का, ते १४ साध्या प्रश्नांनी मोजलं, आणि काही जणांचं रक्त आणि लघवी तपासून ऑलिव्हचं तेल, अक्रोड वगैरे खरंच पोटात गेलं का, तेही पाहिलं. २०१३ साली छापलेला त्याचा अहवाल माणसांच्या वाटणीतल्या चुकांमुळे २०१८ साली मागे घेऊन पुन्हा छापावा लागला. पण त्यातली एक गोष्ट मला फार पटली. त्यांनी तेल नुसतं खायला सांगितलं नाही, आठवड्याला एका कुटुंबाला साधारण एक लिटर तेल फुकट दिलं! पथ्य सांगणं वेगळं आणि पथ्याचं अन्न हातात देणं वेगळं.

आम्हाला कोण देणार? म्हणून आम्ही घरातच मार्ग काढला. मिठाची एक किलोची नवी पिशवी फोडली आणि तिच्यावर तारीख लिहिली. घरात पाच माणसं. माणशी ५ ग्रॅम धरले तर दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे एक किलो मीठ ४० दिवस पुरायला हवं. बाहेरच्या पावा-फरसाणातलं मीठ धरलं तर त्याहूनही जास्त दिवस. आमची पिशवी २७ दिवसांत संपली! आणि आई तर अळणी खात होती. चौघांत वाटलं तर माणशी ९ ग्रॅमच्या वर. कागद आईच्या नावाचा होता, पथ्याची गरज आम्हा सगळ्यांनाच होती. मग आईची वेगळी अळणी वाटी बंद केली. सगळ्यांचीच आमटी बेताच्या मिठाची, वरून लसणीची फोडणी, आमसूल, लिंबू. पाव दोनाचा एक, खारी बंद. महिला मंडळात फरसाणाऐवजी उकडलेले चणे, कांदा-कोथिंबीर घालून. आणि खारा बांगडा? तो पोटमाळ्यावरून खाली आला. आठवड्यातून एकदा, पाण्यात भिजवून, पाणी दोनदा बदलून, सगळ्यांसमोर ताटात.

दवाखान्यात जाऊन मी डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं. माझी चूकही सांगितली. ते रागावले नाहीत. गोळी बेतानं ठरवून दिली आणि जुलाब-उलट्या झाल्या तर लगेच दाखवायला यायला सांगितलं. आईचा रक्तदाब जादूनं उतरला, असं मी सांगणार नाही. पण ती पुन्हा तशी चक्कर येऊन पडली नाही. २०१६ पर्यंत आमच्यात होती. शेवटपर्यंत आमचं ठरलेलं होतं, संध्याकाळी मी विचारायचं, “आज काय काय झालं जेवणात?” आणि ती सांगायची ते नुसतं ऐकायचं.

संयुत्तनिकायात कोसलच्या पसेनदी राजाची गोष्ट आहे. एकदा वर्षावासात आमच्या विहारात ती ऐकली आणि मला माझा फॉर्म आठवला. राजा खूप जेवायचा. पोटभर जेवून, धापा टाकत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला दोष दिला नाही. सावधपणे, मात्रा ओळखून जेवणाऱ्याला त्रास कमी होतो आणि आयुष्य जपलं जातं, अशा अर्थाची एक गाथा ते बोलले. राजानं सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज शंभर कार्षापण देऊन, आपण जेवायला बसलो की म्हणायला सांगितली. हळूहळू राजाचं जेवण एका नाळीभर भातावर आलं, शरीर हलकं झालं आणि तो स्वतःच आनंदानं भगवंतांचे उपकार बोलून दाखवू लागला. ‘पाळलंस का?’ म्हणून त्याला कोणी दरडावलं नाही. जेवणाच्या वेळी शेजारी आठवण करून देणारा एक माणूस होता, एवढंच. तेही राजाकडे द्यायला पैसे होते म्हणून. आपल्या घरात ते काम आपल्या माणसांनी करायचं.

आपण पंचशील घेतो, खोटं न बोलण्याचं शील घेतो. आई खोटं बोलली, हे खरंच. पण त्या खोट्यात माझा अर्धा वाटा होता. मी प्रश्नच असा विचारत होते की, खरं बोलायला तिला जागा उरत नव्हती. ज्याला सत्य ऐकायचं असेल, त्यानं आधी ते सांगणाऱ्याची भीती घालवली पाहिजे. वही घेऊन दारात येणाऱ्या शिकलेल्या मुलामुलींना हे सांगायचं आहे, आणि त्याहून जास्त आपल्या घरातल्या लेकी-सुनांना.

आज आपल्या घरोघरी रक्तदाबाचा, साखरेचा एक तरी माणूस आहे. कामावरून घरी गेल्यावर त्याला ‘खाल्लं नाही ना?’ असं विचारू नका. जवळ बसा. “काल काय जेवलात?” एवढंच विचारा आणि सांगतील ते चेहरा न बदलता ऐकून घ्या. पोटमाळ्यावरचे डबे आपोआप खाली येतील.

जयभीम.